गाडीचा मागचा एसी बिघडला? पॅनल मागवण्याआधी वायरींचा कपलर जोडलेला ठेवून व्होल्ट मोजा

नमस्कार. मार्च सरला आणि जळगावात पारा चाळिशीच्या पुढे गेला की या चॅनलवर येणाऱ्या प्रश्नांचा सूर दरवर्षी एकच असतो, तो म्हणजे पुढे गारवा आहे आणि मागे नाही. सात आसनांची गाडी, लग्नसराईचा प्रवास, मधल्या ओळीत आजी-आजोबा, शेवटच्या ओळीत मुले आणि पिशव्या, आणि छतातल्या जाळीतून येणारी हवा मात्र दुधावर फुंकर घालावी इतकीच. यंदा या प्रश्नाला एक नवे शेपूट लागले आहे. "मागच्या क्लायमेट कंट्रोलच्या पॅनलचा पार्ट नंबर सांगा, मी ऑनलाइन मागवतो," असे लिहिणारे प्रेक्षक वाढले आहेत. पॅनल म्हणजे मागच्या एसीची बटणे आणि पडदा असलेला भाग. त्यांच्यापैकी कोणालाही मी पार्ट नंबर दिलेला नाही, त्यामुळे काही जण रुसलेही आहेत. तो का दिला नाही, हे एकदा नीट सांगता यावे म्हणून आजचा व्हिडिओ आहे.

प्राथमिक गोष्टी मी भरभर उरकतो, कारण त्या गाडीच्या पुस्तिकेतही दिलेल्या असतात. पुढच्या पॅनलवर मागच्या एसीचे स्वतंत्र बटण असेल तर ते चालू आहे का पाहा. मागचे पॅनल पुढून कुलूपबंद करण्याची सोय असेल तर ती चुकून दाबली गेलेली नाही ना, हेही पाहा. मागच्या ब्लोअरचा, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, फ्यूज आणि रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) बहुतेक गाड्यांत वेगळे असतात. ते शोधून तपासा, आणि जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपियरचा फ्यूज लावा, मोठा लावू नका. हे झाले.

एका प्राथमिक गोष्टीवर मात्र थांबावे लागेल. मागे स्वतंत्र ब्लोअर असलेल्या अनेक गाड्यांत तो ब्लोअर शेवटच्या ओळीच्या बाजूच्या अस्तरामागे बसवलेला असतो आणि गाडीतलीच हवा खालच्या एका जाळीतून ओढून घेतो. ही जाळी पायाजवळ असल्यामुळे तिच्यासमोर आपण बिनदिक्कत बॅगा रचतो, आणि काही गाड्यांत तर नव्या रेक्झिनच्या मॅटने ती पूर्ण झाकलेली मी पाहिली आहे. मागच्या उन्हाळ्यात एक कुटुंब भुसावळहून आले होते. त्यांच्या गाडीत त्या जाळीवर शेंगदाण्याच्या टरफलांचा इंचभर थर साचला होता. तो काढायला मला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ त्यांचे आभार मानणे चालू होते. मी पैसे घेतले नाहीत, पण ती टरफले एका पिशवीत भरून त्यांच्या हवाली केली.

आता मूळ विषय. मागचा एसी म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते आणि तुमच्या गाडीत काय आहे हे ठाऊक नसेल तर पुढची सगळी तपासणी अंधारात होते. काही गाड्यांत मागे फक्त जाळ्या असतात आणि पुढचीच थंड हवा कन्सोलखालच्या नळीतून मागे येते. काही गाड्यांत त्या नळीत हवा ढकलणारा एक छोटा पंखा असतो. मोठ्या सात आसनी गाड्यांत मात्र मागे दुसरी कूलिंग कॉइल, तिचा स्वतःचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणाऱ्या गॅसची झडप) आणि स्वतःचा ब्लोअर असतो, आणि गाडीच्या पोटाखालून अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या मागे गेलेल्या दिसतात. त्या नळ्या दिसल्या तर तिसरा प्रकार आहे असे समजा. आजचे बोलणे मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे.

गाडी कोणतीही असो, पहिला प्रश्न एकच विचारायचा: मागे हवा कमी येते आहे की येणारी हवा गरम आहे? हे दोन वेगळे आजार आहेत. हवेचा जोर भरपूर आहे पण गारवा नाही, तर शोध कूलिंग कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, गॅस आणि हवेची वाट बदलणारा फ्लॅप यांच्या दिशेने जातो. हवाच येत नाही किंवा रडतखडत येते, तर गॅसचा त्याच्याशी सहसा संबंध नसतो, आणि जाळी मोकळी असेल तर तो शोध विजेच्या दिशेने जातो. तरीसुद्धा पंखा फिरत नाही अशा गाडीतही आधी गॅस भरण्याचा सल्ला मिळतो आणि लोक तो भरून घेतात.

गॅसविषयी थोडे चिडून बोलतो, मग पुढे जाऊ. "गेज लावून बघितले, प्रेशर बरोबर आहे" किंवा "प्रेशर कमी आहे, थोडा टॉप-अप करू" ही वाक्ये तुम्ही ऐकली असतील. इंजिन बंद असताना एसीतल्या आर-134ए गॅसचा दाब तापमानावर ठरतो, भरलेल्या प्रमाणावर नाही. नळ्यांत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल तरी 35 अंश तापमानाला गेज साधारण 115 पीएसआय (दाबाचे एकक) दाखवणार, मग गॅस पुरेसा असो किंवा निम्मा. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचे तसेच असते. तो अर्धा रिकामा झाला म्हणून शेगडीची ज्योत अर्धी होत नाही, म्हणूनच आपण तो हलवून किंवा तोलून पाहतो. गाडीतला गॅसही बाहेर काढून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे तोलूनच भरायला हवा. दोन कॉइलच्या गाडीत गॅस कमी पडला तर कधीकधी एकाच बाजूचा गारवा आधी जातो, हे खरे आहे. त्यामुळे मागची हवा जोरात पण गरम येत असेल तर गॅस तोलून घेण्यात काही चूक नाही. माझी तक्रार फक्त अंदाजाने भरण्याविषयी आहे.

आता हवा कमी येते किंवा येतच नाही अशा गाडीकडे वळतो. नेमक्या याच ठिकाणी निर्दोष पॅनल बळी जातात. प्रेक्षक मला लिहितात, "दादा, मी मल्टीमीटरने तपासले. ब्लोअरच्या कपलरवर बरोबर 12 व्होल्ट येतात. ब्लोअर बाहेर काढून थेट बॅटरीवर लावला तर तोही फिरतो. मग पॅनलच गेले ना?" हा तर्क वरवर बिनचूक वाटतो. मी स्वतः तो कित्येक वर्षे केला आहे आणि त्याच्या भरवशावर एका गिऱ्हाइकाला साडेबारा हजारांचे पॅनल घ्यायला लावले आहे. पॅनल बदलल्यावरही पंखा तसाच रडत होता, आणि त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहणे मला जमले नाही.

चूक तर्कात नव्हती, मोजण्यात होती. कपलर, म्हणजे वायरींना जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, काढून त्याच्या तोंडाशी मोजलेले 12 व्होल्ट हा फसवा आकडा आहे. तो खोटा नाही, पण तुम्हाला हव्या त्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. हे मी आज वेगवेगळ्या मार्गांनी सांगणार आहे, कारण एकदा सांगून ते पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आधी पाण्याच्या भाषेत सांगतो. गच्चीवरच्या टाकीतून खाली आलेल्या नळीत शेवाळ आणि गाळ साचला आहे, फक्त सुईएवढी वाट उरली आहे, अशी कल्पना करा. खालचा नळ बंद ठेवून तिथे दाब मोजला, तर तो टाकी भरलेली असताना जेवढा हवा तेवढाच येईल, कारण पाणी वाहतच नाही आणि न वाहणाऱ्या पाण्याला गाळ अडवत नाही. नळ सोडला की मात्र करंगळीएवढी धार लागते. कपलर काढून व्होल्ट मोजणे म्हणजे नळ बंद ठेवून दाब मोजणे. गाळ कुठे आहे हे पाणी वाहत असतानाच कळते, आणि वायरीतला दोष कुठे आहे हे पंखा जोडलेला आणि चालू असतानाच कळतो.

आता हेच आकड्यांत पाहू. इंजिन चालू आहे आणि साडेतेरा व्होल्ट उपलब्ध आहेत असे धरा. मागचा ब्लोअर पूर्ण वेगात 10 अँपियर घेतो असे समजा. ढोबळ हिशेबाने त्याचा रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, 1.35 ओहम झाला. वाटेत कुठेतरी गंजलेल्या जोडामुळे फक्त अर्धा ओहम रोध वाढला. तुमच्या डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम, म्हणजे 1 कोटी ओहम असतो. त्याच्यासमोर हा अर्धा ओहम कस्पटासमान असल्यामुळे कपलर काढून मोजलेत तर मीटर इमानदारीने साडेतेरा व्होल्टच दाखवणार. आता ब्लोअर जोडा. एकूण रोध 1.85 ओहम झाला, प्रवाह सव्वासात अँपियरच्या आसपास आला, आणि साडेतीन व्होल्टहून अधिक वाटेतच खर्च झाले. मोटरच्या वाट्याला 10 व्होल्टही राहिले नाहीत. जे वाटेत खर्च झाले ते कुठे गेले? त्यांची उष्णता झाली. ती जवळजवळ 27 वॅट भरते, आणि माझ्या टेबलावरची ही छोटी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची आहे. कपलरचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेले का सापडते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

[मल्टीमीटर आणि वितळलेला कपलर कॅमेऱ्यासमोर धरावा.]

आणि आता एका गाडीची हकीकत सांगतो. ती गाडी माझ्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी फिरली होती. एका ठिकाणी मागचे पॅनल बदलले होते, दुसऱ्या ठिकाणी ब्लोअर मोटर बदलली होती, आणि दोन्ही वेळा "12 व्होल्ट येतात" हाच निर्वाळा दिला गेला होता. मी कपलर जोडलेलाच ठेवला, पंखा पूर्ण वेगावर नेला, मीटरचे एक टोक ब्लोअरच्या अर्थच्या, म्हणजे वीज परत बॅटरीकडे नेणाऱ्या, वायरीला लावले आणि दुसरे टोक एका लांब वायरीने पुढच्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडले. त्या दोन टोकांमध्ये व्यवहारात शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा. तिथे 4 व्होल्ट आले. डिकीच्या बाजूचे अस्तर काढून पाहिले तेव्हा उलगडा झाला. मालकांनी वर्षभरापूर्वी सबवूफर बसवून घेतला होता, आणि बसवणाऱ्याने त्याच्या अॅम्प्लिफायरची वायर गाडीच्या मूळ अर्थच्या बोल्टखालीच सरकवून दिली होती. बोल्ट पुन्हा घट्ट झालाच नव्हता, आणि दोन पावसाळ्यांच्या ओलीने तिथे गंजाची पपडी धरली होती. सँडपेपर, नवे थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), घट्ट आवळलेला बोल्ट आणि वर थोडे ग्रीस, एवढ्यावर पंखा पूर्ववत झाला. दुरुस्तीला मला 40 मिनिटे लागली, आणि त्यांच्याकडे आता एक चांगले जुने पॅनल आणि एक चांगली जुनी मोटर शिल्लक आहे.

ही मोजणी तुम्ही घरी करणार असाल तर काळजीपूर्वक ऐका. बाजूच्या अस्तरामागे आणि छताच्या कडेला अनेक गाड्यांत कर्टन एअरबॅग असतात आणि त्यांचे कपलर सहसा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, मीटरही लावायचा नाही. अस्तर काढण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडून काही मिनिटे थांबायचे आणि मोजण्यापुरतेच ते पुन्हा जोडायचे. कपलर जोडलेला ठेवून त्याच्या मागच्या बाजूने, जिथे वायर आत शिरते तिथून, बारीक टाचणी हलकेच आत सरकवायची आणि तिला मीटरचे टोक लावायचे. वायरीचे आवरण भोसकू नका, कारण त्या छिद्रातून पाणी शिरून सहा महिन्यांनी तिथेच नवा दोष तयार होतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवा. मधल्या वेगावर स्वयंचलित एसीच्या काही गाड्यांत वीज तुकड्यातुकड्याने सोडली जाते आणि मीटर त्याची सरासरी दाखवून तुम्हाला गोंधळात टाकतो.

अशा स्थितीत दोन आकडे घ्यायचे. पहिला आकडा अर्थच्या बाजूचा, म्हणजे ब्लोअरची अर्थची वायर ते बॅटरीचे ऋण टोक. दुसरा आकडा धनाच्या बाजूचा, म्हणजे बॅटरीचे धन टोक ते ब्लोअरची धन वायर. अर्थच्या बाजूला 0.1 ते 0.2 व्होल्ट असेल तर ठीक, आणि धनाच्या बाजूला फ्यूज, रिले व लांब वायर मध्ये असल्यामुळे थोडे अधिक, म्हणजे अर्धा व्होल्टपर्यंत चालवून घ्यावे. एखादी बाजू 1 व्होल्टच्या वर गेली तर दोष त्या बाजूच्या वाटेत आहे. एकेक जोड ओलांडत मीटरचे टोक पुढे न्या. ज्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा एकदम बदलतो, तोच गुन्हेगार.

एक बारकावा इथे नोंदवून ठेवा. स्वयंचलित क्लायमेट कंट्रोलमध्ये मोटर आणि अर्थ यांच्या मध्ये बहुधा वेग ठरवणारे एक मॉड्यूल असते, ज्याला आमच्याकडे पॉवर ट्रान्झिस्टर म्हणतात. अशा गाडीत अर्थचा आकडा मोटरच्या वायरीवर न घेता मॉड्यूलच्या अर्थच्या वायरीवर घ्यायचा, नाहीतर मॉड्यूलमध्ये पडणारे व्होल्ट तुम्ही वायरीच्या माथी माराल. मस्कतहून एका प्रेक्षकाने नेमकी हीच चूक करून मला चार फोटो पाठवले होते, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढायला माझी एक संध्याकाळ गेली. चूक त्यांची नव्हती, मागच्या व्हिडिओत मीच हे सांगायला विसरलो होतो.

दोन्ही आकडे चांगले आले, तर वाट मोकळी आहे आणि आता खरोखर भागांकडे संशयाने पाहायचे. साध्या फिरत्या बटणाच्या गाडीत पंखा फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल आणि खालचे वेग मेलेले असतील, तर ब्लोअरचा रेझिस्टर (वेग कमी करणारा रोध) जळालेला असतो, कारण वरच्या वेगाला वीज रेझिस्टरला वळसा घालून जाते. स्वयंचलित एसीच्या गाडीत बटण बंद करूनही पंखा पूर्ण वेगात गरगरत राहिला, तर पॉवर ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र नवा ट्रान्झिस्टर बसवण्याआधी मोटर हाताने फिरवून पाहा. तिच्या बुशमध्ये (आस जिथे फिरतो त्या भागात) धूळ बसून ती जड झाली असेल तर ती जास्त प्रवाह ओढते आणि नवा ट्रान्झिस्टरही त्याच वाटेने जातो. जाळीतून आलेले टरफल ब्लोअरच्या पात्यात अडकल्यानेही हे घडते. भुसावळच्या त्या पिशवीची आठवण मला म्हणूनच वारंवार होते.

हवा जोरात आहे पण तापमान बदलत नाही, किंवा छताऐवजी पायाशीच हवा येते, तर फ्लॅपच्या मोटरकडे लक्ष द्या. चावी फिरवल्यानंतर मागच्या अस्तरातून थोडा वेळ टक-टक असा ठोका ऐकू येत असेल, तर त्या छोट्या मोटरमधल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा दात बहुधा तुटलेला असतो. पुष्कळ लोक तो आवाज उंदराचा समजतात. उंदीर आपल्याकडे वायरी कुरतडतातच, विशेषतः पावसाळ्यात, पण ते इतके तालात काम करत नाहीत.

पॅनल कधीच बिघडत नाही, असे माझे म्हणणे नाही. मागच्या पॅनलवर पाणी किंवा सरबत सांडलेले असेल, बटणे चिकटत असतील, पडदा पूर्ण काळा असेल आणि त्याच्या कपलरवर वीज व अर्थ दोन्ही जोडलेल्या अवस्थेत नीट पोहोचत असतील, तर ते जरूर बदला. फक्त "जोडलेल्या अवस्थेत" हे दोन शब्द पॅनललाही लागू आहेत. पॅनल फार थोडा प्रवाह घेते, त्यामुळे तिथे दोष कमी दिसतो. पण त्याची अर्थ त्याच गंजलेल्या बोल्टवर गेलेली असेल, तर ब्लोअर पूर्ण वेगावर नेताच पडदा लुकलुकतो. पडदा लुकलुकतो म्हणून पॅनल बदलणारे आणि बदलल्यावरही तो तसाच लुकलुकताना पाहणारे तीन जण कॉमेंटमध्ये आधीच हजर आहेत.

सगळे परत जोडून बॅटरीचे टोक लावल्यावर चावी फिरवा आणि एक-दोन मिनिटे एसीच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका. अनेक स्वयंचलित प्रणाली त्या वेळात फ्लॅप या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून त्यांच्या मर्यादा पुन्हा शिकून घेतात, आणि मध्येच बटण दाबले तर ते शिकणे अर्धवट राहते. काही गाड्यांत याची पद्धत निराळी असते. ती सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडेल.

यापुढे कॉमेंटमध्ये प्रश्न विचारताना पार्ट नंबर मागू नका. गाडीत मागे स्वतंत्र कॉइल आहे की नाही, हवा कमी आहे की गरम आहे, आणि कपलर जोडून पूर्ण वेगावर घेतलेले अर्थचे आणि धनाचे दोन आकडे, एवढे लिहा. आकडे नसलेल्या प्रश्नालाही मी उत्तर देईन, पण त्या उत्तरात हे आकडे आधी घ्या असेच लिहिलेले असेल.